मृत्यूचे चित्र आणि वृत्तपत्राचे कर्तव्य

१८५६ साली याच रत्नागिरीत लोकमान्य टिळक जन्मले. १८९७ च्या प्लेगात पुण्यात घरझडतीच्या नावाखाली झालेला जुलूम त्यांच्या ‘केसरी’ने शब्दांनीच मांडला. छायाचित्र नव्हते, तरी लोकांचे मन पेटले.

पुढे चित्र आले आणि प्रश्न बिकट झाला. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांनी कित्येक आठवडे तिची फारशी दखल घेतली नाही. कार्यकर्त्यांनी मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरविली, तेव्हा महाराष्ट्र खडबडून जागा झाला. पण मेलेल्यांची विटंबनाही त्या चित्रांबरोबर गावोगाव गेली, हे विसरता येत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा दूरचित्रवाणीने उलट टोक गाठले. तिने क्षणोक्षणीचे दाखविले. ते पाहून सूत्रधार फोनवरून हल्लेखोरांना हुकूम देत राहिले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले.

यंत्रात सापडून कामगार मरतो, तेव्हा आम्ही युनियनची माणसे संपूर्ण हकीकत मागतो : यंत्राला जाळी होती काय, पाळी किती तासांची होती, जबाबदार कोण? देहाचे चित्र मात्र घरच्यांना विचारल्यावाचून फलकावर लावू नये. वृत्तपत्रानेही हाच नेम पाळावा. खैरलांजीची हकीकत वेळेवर आणि पुरतेपणी छापली गेली असती, तर ती चित्रे फिरविण्याची पाळी कदाचित आलीच नसती.