न्यूकॅसल अपॉन टाइन आणि परिसर

न्यूकॅसल अपॉन टाइन : इंग्लंडच्या ईशान्य भागातील, टाइन नदीच्या उत्तर काठावरचे शहर. समोरच्या काठावर गेट्सहेड. कारभार दोन्हींचा वेगळा, पण पाहुण्याला सात पुलांनी जोडलेले ते एकच गाव वाटते. कोळसा, जहाजे, तोफा आणि रेल्वे इंजिने यांवर हे शहर पोसले. त्यामुळे इथे राजवाडे शोधत फिरण्यात अर्थ नाही. पाहण्याजोगे जे आहे, ते बहुतेक कामासाठी बांधलेले आहे.

शहराला नाव मिळाले ते किल्ल्यावरून. विजेत्या विल्यमचा मुलगा रॉबर्ट याने १०८० मध्ये इथे लाकडी गढी उभारली. आजचा दगडी बालेकिल्ला ११६८ ते ११७८ या काळातला. एकोणिसाव्या शतकात रेल्वेने या किल्ल्याचे सरळ दोन तुकडे केले. बालेकिल्ला रुळांच्या एका बाजूला, ‘ब्लॅक गेट’ हा दरवाजा दुसऱ्या बाजूला. आज असे काही सुचवले तर मोर्चे निघतील. मात्र बालेकिल्ल्याच्या गच्चीवरून खाली गाड्या जाताना दिसतात, ती गंमत याच अत्याचाराची देणगी.

सेंट्रल स्थानकामागच्या साउथ स्ट्रीटवर रॉबर्ट स्टीफन्सन आणि मंडळींचा कारखाना १८२३ मध्ये सुरू झाला. १८२९ चे ‘रॉकेट’ इंजिन इथलेच. मराठी वाचकाला या गल्लीत थोडे रेंगाळायला कारण आहे. जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी मुंबई–ठाणे मार्ग बांधला, बोरघाट आणि थळघाटाच्या चढणी आखल्या; ते रॉबर्ट स्टीफन्सन यांच्याच हाताखाली तयार झाले होते.

गुरूचे काम नदीवर अजून उभे आहे. १८४९ च्या ‘हाय लेव्हल’ पुलावर वरून आगगाड्या धावतात आणि त्यांच्या पोटाखालून रस्ता जातो. पदपथाने पूल ओलांडताना डोक्यावर गाडीचा खडखडाट ऐकावा, हे इथले फुकटातले उत्तम मनोरंजन. शेजारचा बुटका ‘स्विंग ब्रिज’ १८७६ चा, तोफांचे कारखानदार विल्यम आर्मस्ट्राँग यांनी बांधलेला. पाण्याच्या दाबावर तो आडवा फिरून वाट मोकळी करी, म्हणजे मोठी जहाजे वरच्या अंगाला थेट त्यांच्या कारखान्यापर्यंत पोहोचत. १९२८ च्या ‘टाइन ब्रिज’ची हिरवी कमान ज्या डॉर्मन लाँग कंपनीने उभारली, तिनेच सिडनीचा प्रसिद्ध पूलही बांधला. या कमानीवर आणि तिच्या मनोऱ्यांवर उन्हाळ्यात किटिवेक जातीचे कुरव घरटी करतात. खरे तर हे समुद्रकड्यांचे पक्षी. इतक्या आत, शहराच्या मध्यात त्यांची वसाहत फार दुर्मीळ. पक्षिनिरीक्षक खूश असतात, खालून जाणारे छत्री उघडतात. २००१ चा ‘मिलेनियम ब्रिज’ केवळ पादचारी आणि सायकलस्वारांचा. बोट आली की तो अख्खाच्या अख्खा कलतो, डोळ्याची पापणी उचलावी तसा.

नदीवरून चढून गेल्यावर वळणदार ग्रे स्ट्रीट लागतो आणि तिथून जवळच १८३५ चे ग्रेंजर मार्केट. या छपराखालच्या मंडईत एक वजनघर आहे. पूर्वी तिथे माल तोलला जाई. आता किरकोळ पैसे देऊन माणसे स्वतःचे वजन करून घेतात. बाहेर पडताना चपटा गोल ‘स्टॉटी’ पाव हातात असावा.

एका दिवसाच्या सहलींत पहिला मान हेड्रियनच्या भिंतीचा. रोमन सम्राट हेड्रियनच्या आज्ञेने इ. स. १२२ मध्ये सुरू झालेली ही सुमारे ११७ किलोमीटरची भिंत पूर्वेला वॉल्सेंड इथे संपते. तिथवर शहराची मेट्रो जाते आणि स्थानकावर लॅटिन पाट्याही आहेत. भिंतीचे खरे रूप मात्र पश्चिमेला, हाउसस्टेड्सच्या कड्यांवर दिसते. जवळच्या विंडोलांडा ठाण्याच्या ओल्या, प्राणवायू नसलेल्या मातीत लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रे टिकून राहिली. १९७३ पासून ती सापडू लागली. एकात क्लॉडिया सेवेरा ही एका अधिकाऱ्याची पत्नी आपल्या मैत्रिणीला, दुसऱ्या अधिकाऱ्याच्या पत्नीला, वाढदिवसाचे आमंत्रण देते. दुसऱ्यात मोजे आणि अंतर्वस्त्रे पाठवल्याची नोंद आहे. सम्राटांच्या शिलालेखांपेक्षा हे मोजेच सीमेवरची थंडी नीट सांगतात. भिंतीच्या याच भागातला ‘सिकॅमोर गॅप’चा एकाकी वृक्ष सप्टेंबर २०२३ मध्ये रातोरात तोडण्यात आला. पुढच्या वर्षी बुंध्याला धुमारे फुटले.

दक्षिणेला डरहॅम आगगाडीने पाव तासाच्या आसपास. वेअर नदीच्या वळणात उंचावर १०९३ मध्ये पायाभरणी झालेले कॅथीड्रल आहे. रुळांवरून ते आधी दिसते, गाव मागून. उत्तरेला रॉथबरीजवळ आर्मस्ट्राँग यांचे क्रॅगसाइड हे घर, जलविद्युतीवर दिवे लागलेले जगातले पहिले. बीमिश इथले खुले संग्रहालय ट्राम आणि खाणकामगारांच्या घरांसह मुलांना अर्धा दिवस सहज गुंतवते.

सर्वांत दूरची सहल लिंडिसफार्न बेटाची. ६३५ मध्ये एडन या धर्मोपदेशकाने इथे मठ स्थापला. ७९३ मध्ये व्हायकिंगांनी तो लुटला. बेटाकडे जाणारा रस्ता दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातो. वाटेत खांबांवर उभारलेली आसऱ्याची खोली आहे आणि तिचा उपयोगही होतो, कारण वेळ साधेल असे समजून गाडी घालणारे काहीजण दरवर्षी मध्येच अडकतात. सुरक्षित वेळा स्थानिक प्रशासन जाहीर करते. बेटावरची दुकाने आणि उपाहारगृहेही त्याच हिशेबाने उघडतात.