स्मृतिपूरक साठवण, संगणकाची

संगणकाची प्राथमिक स्मृती हातातील कामास अपुरी पडू लागली असता, तिच्या जोडीस अधिक स्वस्त पण अधिक मंद असे साठवणीचे साधन घेऊन काम चालू ठेवण्याची पद्धती. चुंबकीय पिंप, चुंबकीय तबकडी आणि फ्लॅश स्मृती ही साधने या कामी क्रमाने वापरात आली. २००७ नंतरच्या काही वर्षांत कमी स्मृतीच्या मांडीसंगणकास (लॅपटॉपला) पेन ड्राइव्ह जोडून त्याचा वेग वाढविण्याचा जो प्रघात पडला, तो याच पद्धतीचा अलीकडचा आविष्कार होय. पेन ड्राइव्ह लावल्याने संगणकाची स्मृती वाढते, असा समज त्या काळी सर्वत्र होता व अजूनही आढळतो. तो बरोबर नाही. वाढतो तो स्मृती आणि तबकडी यांच्यामधील एक टप्पा. त्याचा लाभ कोणाला व किती, हे या टप्प्याच्या स्वरूपावर अवलंबून असते.

पूर्वेतिहास : प्राथमिक स्मृती ही संगणकाच्या आरंभापासून त्यातील दुर्मिळ व महाग वस्तू होती. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च या संस्थेत भारतीय अभियंत्यांनी उभारलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. सुमारे २,७०० निर्वात नलिका असलेल्या या अवाढव्य यंत्राची चुंबकीय गाभ्यांची स्मृती ४० द्विमान अंकांच्या २,०४८ शब्दांची होती. आजच्या परिमाणात ती १० किलोबाइट भरते, म्हणजे एका साध्या छायाचित्रासही अपुरी. याच संस्थेत १९६४ मध्ये आलेल्या सीडीसी ३६०० या अमेरिकन संगणकात ४८ द्विमान अंकांचे ३२,७६८ शब्द मावत. हिशेब केल्यास ही क्षमता १९२ किलोबाइट होते. त्या काळी देशातील वैज्ञानिकांच्या दृष्टीने ती मोठीच होती. अशा यंत्रांवर मोठे गणित सोडवावयाचे, तर त्याचे तुकडे पाडणे, कोणता तुकडा केव्हा स्मृतीत आणावयाचा व केव्हा बाहेर काढावयाचा हे ठरविणे, हा सर्व भार आज्ञावली लिहिणाऱ्यावर पडे.

हा भार यंत्राने उचलावा, ही कल्पना बर्लिन येथील फ्रिट्झ-रूडॉल्फ ग्युन्ट्श यांच्या १९५६ च्या प्रबंधात प्रथम आढळते. ती प्रत्यक्षात आणली मँचेस्टर विद्यापीठातील टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी. तेथील ॲटलस संगणक डिसेंबर १९६२ मध्ये कार्यान्वित झाला. त्यात १६,३८४ शब्दांची गाभा स्मृती व ९८,३०४ शब्दांचे चुंबकीय पिंप होते. ५१२ शब्दांचे एक याप्रमाणे पाने पाडून ती या दोहोंमध्ये आपोआप फिरविली जात आणि वापरणाऱ्यास दोन्ही मिळून एकच विस्तीर्ण स्मृती असल्याचा भास होई. या व्यवस्थेस पुढे आभासी स्मृती हे नाव रूढ झाले [⟶ संगणक].

आभासी स्मृतीचा दोषही लवकरच ध्यानात आला. एकाच वेळी हाताशी लागणारी पाने स्मृतीत मावेनाशी झाली, की यंत्राचा बहुतेक वेळ पाने आणण्यात व परत ठेवण्यातच जातो. प्रत्यक्ष काम जवळजवळ थांबते. या अवस्थेस थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये तिची मीमांसा केली. जुना मांडीसंगणक वापरणाऱ्यास हे नाव ठाऊक नसले, तरी अनुभव परिचयाचा असतो : तबकडी सारखी खरखरते, तिचा दिवा विझत नाही आणि पडद्यावर मात्र काही हलत नाही.

तबकडीची मर्यादा : वैयक्तिक संगणकांत आभासी स्मृती १९८५ च्या इंटेल ८०३८६ या प्रक्रियकानंतर सुलभ झाली आणि १९९० नंतरच्या विंडोज प्रणालींबरोबर घरोघरी पोहोचली. पिंपाची जागा फिरत्या चुंबकीय तबकडीने घेतली होती. मांडीसंगणकातील सर्वसाधारण तबकडी मिनिटास ५,४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात व हवी ती जागा शीर्षाखाली येण्यास सरासरीने त्याच्या निम्मा वेळ जातो. शीर्ष एका वर्तुळावरून दुसऱ्यावर नेण्याचे १० ते १२ मिलिसेकंद त्यात मिळविले, म्हणजे विखुरलेले लहान तुकडे अशा तबकडीवरून सेकंदास फार तर साठ-सत्तरच वाचता येतात, हे दिसून येते. अर्धसंवाहक स्मृतीस याच कामी मिलिसेकंदाचा दहा हजारावा अंश पुरतो. सलग लिहिलेली मोठी फाईल वाचताना शीर्ष फारसे हलत नसल्याने तबकडी तेथे चांगली चालते. तिचे दुखणे विखुरलेल्या वाचनाचे आहे आणि पाने फिरविण्याचे काम नेमके तसेच असते.

फ्लॅश स्मृती : ही वीज बंद झाल्यावरही मजकूर टिकवून धरणारी अर्धसंवाहक स्मृती होय. तिचा शोध जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी लावला. त्यांनी तिचा पहिला प्रकार १९८४ मध्ये व नँड हा अधिक दाट प्रकार १९८७ मध्ये जगापुढे मांडला. फ्लॅश स्मृतीत हलणारा भाग नसल्याने कोणत्याही जागेवरील तुकडा वाचण्यास सारखाच व अल्प वेळ लागतो. यूएसबी खाचेत बसणारी फ्लॅश साधने २००० च्या सुमारास बाजारात आली. आरंभीच्या साधनांत ८ मेगाबाइट मजकूर मावे. भारतात त्यांस पेन ड्राइव्ह हे नाव पडले व तेच टिकले.

रेडीबूस्ट : मायक्रोसॉफ्टने ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी विक्रीस आणलेल्या विंडोज व्हिस्टा या प्रणालीत ही सोय प्रथम देण्यात आली. तबकडीवरील ज्या पानांची वारंवार गरज पडते, त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवावयाची. लहान व विखुरलेले वाचन तेथून करावयाचे आणि सलग वाचन तबकडीकडेच सोपवावयाचे, असे तिचे तत्त्व आहे. त्यासाठी पेन ड्राइव्ह किमान २५६ मेगाबाइटचा असावा लागे. ४ किलोबाइटचे विखुरलेले तुकडे सेकंदास २.५ मेगाबाइट या गतीने वाचता येणे ही दुसरी अट होती. याचा अर्थ सेकंदास सुमारे ६४० वाचने, म्हणजे तबकडीच्या जवळजवळ दसपट. व्हिस्टात या कामी ४ गिगाबाइटपर्यंत जागा देता येई. २००९ च्या विंडोज ७ मध्ये एकाच वेळी आठ साधने लावण्याची मुभा मिळाली.

या रचनेतील दोन गोष्टी विशेष विचारपूर्वक केलेल्या आहेत. पेन ड्राइव्हवरील प्रत्येक पानाची मूळ प्रत तबकडीवर असतेच. त्यामुळे काम चालू असताना कोणी पेन ड्राइव्ह उपटून घेतला, तरी मजकूर नष्ट होत नाही, फक्त वेग पूर्वपदावर येतो. शिवाय ही पाने गूढलिपीत लिहिली जातात. पेन ड्राइव्ह ही हरवण्याजोगी वस्तू असल्याने ही दक्षता अनाठायी नव्हती. लिनक्स व तत्सम प्रणालींत पेन ड्राइव्हवर अदलाबदलीची जागा (स्वॅप) ठेवता येते. परंतु तो प्रकार अगदी भिन्न आहे. तेथे स्मृतीतून बाहेर काढलेल्या पानाची एकमेव प्रत पेन ड्राइव्हवर असते व तो निघाल्यास चालू काम कोसळते. फ्लॅश स्मृतीचा प्रत्येक कोश ठराविक वेळाच पुसून लिहिता येतो. म्हणून सतत लेखन करणाऱ्या या दुसऱ्या प्रकारात पेन ड्राइव्ह लवकर झिजतो. दोहोंत गल्लत केल्याने अनेकांचे नुकसान झालेले आहे. स्वस्त पेन ड्राइव्हवर छापलेली क्षमता त्याच्या खऱ्या क्षमतेहून कितीतरी अधिक असल्याचे प्रकारही बाजारात आढळतात, आणि अशा साधनावर अदलाबदल ठेवणे धोक्याचे ठरते.

लाभाचे प्रमाण : व्हिस्टाच्या काळात झालेल्या एका चाचणीचे आकडे बोलके आहेत. ५१२ मेगाबाइट स्मृतीच्या संगणकावर एका कामास ११.७ सेकंद लागत. १ गिगाबाइटचा पेन ड्राइव्ह रेडीबूस्टसाठी लावताच तेच काम २ सेकंदांत झाले. पण पेन ड्राइव्ह न लावता संगणकाचीच स्मृती १ गिगाबाइट केली, तेव्हा ते ०.८ सेकंदात उरकले. पहिल्या दोन आकड्यांवरून जाहिरात झाली. तिसऱ्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. पेन ड्राइव्ह हा खऱ्या स्मृतीचा पर्याय नसून, स्मृती वाढविणे शक्य नसेल तेथील उपाय आहे. स्मृती पुरेशी असलेल्या संगणकावर त्याचा परिणाम जाणवत नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ : महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली व त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे संगणक तालुक्याच्या गावी पोहोचला. वर्धा जिल्ह्यात वर्धा शहराबरोबरच हिंगणघाट, आर्वी यांसारख्या ठिकाणी शेतकरी कुटुंबांतील मुलामुलींनी संगणकास पहिल्यांदा हात लावला तो अशा वर्गांत. त्या वर्षांतील सर्वसाधारण संगणकाची स्मृती १२८ ते २५६ मेगाबाइट असे. पेन ड्राइव्हच्या साहाय्याची खरी गरज या यंत्रांना होती. परंतु त्यांवर चालणाऱ्या विंडोज एक्सपीत रेडीबूस्ट नव्हते आणि ज्या व्हिस्टात ते होते, तिला स्वतःलाच किमान ५१२ मेगाबाइट स्मृती लागे. उपाय व व्याधी एकाच पेटीतून आली, असे म्हणावयास हरकत नाही. जुन्या जातीच्या स्मृतिपट्ट्यांचे उत्पादन नव्या जातीच्या आगमनानंतर घटत जाते. त्यामुळे जुन्या यंत्राची स्मृती वाढविणे उत्तरोत्तर कठीण होते, ही अडचण निराळीच.

पेन ड्राइव्हचा उपाय कोठे गैरलागू ठरतो, याचेही उदाहरण याच जिल्ह्यात घेता येते. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयात सी-डॅक या संस्थेच्या साहाय्याने रुग्णालय माहिती प्रणाली उभारण्यात आली. अशा प्रणालीत रुग्णांच्या नोंदी मध्यवर्ती संगणकावर असतात व टेबलावरचे यंत्र त्या जाळ्यामार्फत मागवून घेते. नोंद उघडण्यास होणारा विलंब जाळ्यात किंवा मध्यवर्ती संगणकात असेल, तर टेबलावरील यंत्रास कितीही पेन ड्राइव्ह लावले, तरी खिडकीपुढील रांग हलत नाही.

कमी स्मृतीच्या यंत्राचा हेतुपुरस्सर केलेला प्रयोग महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील खैराट येथे झाला. निकोलस नेग्रोपाँटी यांनी २००५ मध्ये जाहीर केलेल्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या योजनेत विद्यार्थ्यांसाठी शंभर डॉलरांत मांडीसंगणक देण्याचे उद्दिष्ट होते. केंद्र शासनाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ही योजना नाकारली. तरीही २००७ मध्ये खैराटच्या प्राथमिक शाळेत तिचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. मुलांना मिळालेल्या एक्सओ या यंत्रात २५६ मेगाबाइट स्मृती होती. फिरती तबकडी त्यात नव्हती. तिच्या जागी १ गिगाबाइट फ्लॅश स्मृती यंत्रातच डाखलेली होती. ही फ्लॅश झिजू नये म्हणून मूळ रचनेत अदलाबदलीची जागा ठेवलेली नव्हती. परिणामी एकाच वेळी अनेक कामे उघडल्यास स्मृती संपे व यंत्र अडकून पडे. यंत्रास स्मृतिपत्रकाची (एसडी कार्डाची) खाच व यूएसबी खाचा होत्या. जगभरच्या जाणकार वापरकर्त्यांनी त्यांत साधन घालून तेथे अदलाबदलीची जागा केली. खराब झाल्यास स्मृतिपत्रक बदलता येते, डाखलेली फ्लॅश बदलता येत नाही, हा त्यामागील साधा हिशेब होता. तो करण्यास मात्र प्रणालीचे ज्ञान लागे व खेड्यातील शिक्षकाकडून त्याची अपेक्षा धरणे रास्त नव्हते.

नंतरची स्थिती : फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश स्मृतीचीच तबकडी (एसएसडी) मांडीसंगणकात बसू लागल्यावर मधल्या टप्प्याचे प्रयोजन संपले. तबकडी पुरेशी जलद असल्यास विंडोज ७ पासून पुढे प्रणाली स्वतःच रेडीबूस्ट बंद ठेवते. लिनक्समध्ये स्मृतीतील पाने स्मृतीतच दाबून ठेवण्याची झेडरॅम ही पद्धत २०१४ मध्ये मुख्य प्रवाहात आली. तीत बाहेरचे साधनच लागत नाही. पाने दाबण्या-उलगडण्याचे काम प्रक्रियक करतो, व तबकडीची वाट पाहण्यापेक्षा ते पुष्कळच लवकर होते. जुनी यंत्रे चालू ठेवू इच्छिणाऱ्यांकडून पेन ड्राइव्हचा उपयोग अजूनही होतो, पण वेगळ्या रीतीने : पपी लिनक्ससारखी लहान प्रणाली त्यावर ठेवून यंत्र तिच्यावरूनच सुरू करतात. ही प्रणाली सुरू होतानाच पूर्णपणे स्मृतीत उतरते आणि आतील तबकडी बिघडलेली असली, तरी यंत्र चालते.