बॉयलरच्या दारातली दोरी

मिठबावसारख्या किनाऱ्यावरच्या गावात शिकवणाऱ्या शिक्षकांना काजूचा कारखाना नवा नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात असे लहानमोठे कारखाने पुष्कळ आहेत. काजूबी फोडण्यापूर्वी वाफवतात आणि त्यासाठी अनेक ठिकाणी लाकूड किंवा काजूची टरफले जाळून बॉयलर चालवतात. अशा भट्टीच्या दाराच्या कडेला बहुधा एक खाच असते आणि तिच्यात जाड दोरी बसवलेली असते. हीच गॅस्केट.

तिचे काम साधे आहे. लोखंडी दार तापून थोडे वाकते आणि फट पडते. धुराड्याच्या ओढीमुळे फटीतून जादा हवा आत शिरते, फुकट तापते आणि बाहेर जाते. लाकूड मात्र अधिक लागते. मऊ दोरी दाबली जाऊन ही फट बुजवते. उष्णतेने ती कडक व चपटी झाली, की बदलावी लागते. भट्टी थंड असताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. पट्टी सहज निसटली, तर दोरी निकामी झाली असे समजावे.

फट बुजवण्याचा प्रश्न वाफेच्या यंत्राइतकाच जुना आहे. न्यूकॉमेनच्या १७१२ च्या यंत्रात दट्ट्यावर कातडे व त्यावर पाण्याचा थर असे. जेम्स वॉटला सिलिंडर गरम ठेवायचा होता. तेथे पाणी चालेना, म्हणून त्याने चरबी लावलेला वाख वापरला. पुढे तापमान वाढले तसा वाख करपू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर सापडले ते ॲस्बेस्टॉसमध्ये. हे खनिज, पण तंतुमय. त्याची दोरी वळता येते आणि ती जळत नाही. आगबोटी, रेल्वे, कापडगिरण्या सर्वत्र ते पोहोचले.

पण जो तंतू आगीला दाद देत नाही, तो फुप्फुसातही सहजी विरत नाही. ब्रिटनमध्ये १९३० साली मेरेवेदर व प्राइस यांनी कामगारांच्या तपासणीतून हे दाखवले आणि १९३१ मध्ये नियम आले. १९६० साली वॅग्नर व सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील फुप्फुसावरणाच्या कर्करोगाच्या ३३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील काही जण खाणीत कामाला नव्हते, नुसते त्या भागात राहिले होते. हा आजार दिसायला कित्येक दशके लागतात. म्हणूनच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अशा कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे ठेवण्यास सांगितले. ब्रिटनने १९९९ साली ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली.

आज काचतंतूची दोरी मिळते. ती सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. त्याहून अधिक तापमानाला सिरॅमिक तंतू वापरतात. नवी दोरी बसवताना ताणू नये, नाहीतर ती बारीक होते. खरा धोका मात्र जुनी दोरी काढताना असतो. ती कशाची आहे हे ठाऊक नसेल, तर ॲस्बेस्टॉसचीच समजावी. कोरडी खरवडू नये, झाडूने झाडू नये. ओली करून, योग्य मास्क लावून, जाणकाराकडूनच काढून घ्यावी. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही.

आपल्या वर्गातल्या काही मुलांचे आईवडील हेच काम करत असतील. उष्णतेचा धडा शिकवताना आपण हे सांगितले, तर ते त्याच संध्याकाळी घरी पोहोचेल.