गुरांच्या दवाखान्यातली छोटी बाळंतीण

जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी उतरा आणि पशुवैद्यकीय दवाखाना कुठे आहे असं विचारा. समोरचा माणूस क्षणभर थांबेल आणि म्हणेल, "गुरांचा दवाखाना ना?" पाटीवर काहीही लिहिलेलं असो, लोकांच्या तोंडी नाव तेच. आता त्याच दवाखान्याच्या बाकावर कोणीतरी तीन-चार किलोची कुत्री मांडीवर घेऊन बसलेलं दिसतं. पोट खाली आलंय, सड फुगलेत, आणि मालकाचा प्रश्न एकच असतो: हिला पिल्लं होणारेत, आता काय तयारी करायची?

या प्रश्नाचं उत्तर मोबाइलवर दोन मिनिटांत मिळतं. पण ते थंड देशातल्या घरांसाठी लिहिलेलं असतं. दुसरं उत्तर शेजारचे देतात, ते गाई-म्हशींच्या अनुभवातून आलेलं असतं. तिसरं घरातली आजी देते, ते माणसाच्या बाळंतपणातलं असतं. खानदेशातली छोटी कुत्री या तीन उत्तरांच्या मध्ये व्यायला बसते. ही वेळ तिच्यावर कशी आली, ते बघायला थोडं मागे जावं लागेल.

दवाखान्याच्या नावापासूनच सुरू करू. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं ते १८८६ साली. तीन वर्षांनी, १८८९ मध्ये, पुण्यात सरकारने जनावरांच्या रोगांसाठी प्रयोगशाळा काढली. तीच पुढे मुक्तेश्वरला गेली. तेव्हाची मोठी काळजी बुळकांड्या रोगाची होती, कारण गोठेच्या गोठे त्यात रिकामे होत. सरकारला सैन्यासाठी घोडे हवे होते आणि शेतसाऱ्यासाठी बैल. १८८० साली निघालेल्या 'बॉम्बे गॅझेटियर'च्या खानदेश खंडात शेतकऱ्याच्या जनावरांची मोजदाद आहे: बैल, गायी, म्हशी, घोडे, शेळ्या-मेंढ्या. त्या हिशेबात कुत्र्याला जागा नव्हती. नांगर ओढत नाही, दूध देत नाही, त्याच्यावर डॉक्टर कोण खर्च करणार? दवाखाना गुरांचाच झाला, आणि नावही तेच राहिलं.

मग तोवर कुत्र्या व्यात कशा होत्या? आपल्या आपण. गावकुत्री बैलगाडीखाली, कडब्याच्या गंजीआड, पडक्या भिंतीच्या कोनाड्यात जागा उकरायची आणि रात्रीतून मोकळी व्हायची. वेचणीच्या दिवसांत ओसरीवर कापूस पडलेला असेल तर तिला आयती गादी. साक्री तालुक्यातले ठेलारी मेंढपाळ पावसाळा सरला की कळप घेऊन चालायला लागतात. त्यांची कुत्री वाटेत व्याली तर पिल्लं कोकरांच्या शेजारी घोड्यावरच्या सामानात बसून पुढच्या मुक्कामाला पोचतात.

गावात तयारी करायची ती पोरं. चार विटा, वर पत्र्याचा तुकडा, आत गोणपाट. मग दारोदार फिरून कुणाकडून पीठ, कुणाकडून तेल, कुणाकडून गूळ गोळा करायचा आणि बाळंतिणीला शिरा करून घालायचा. ही पद्धत महाराष्ट्रात खूप ठिकाणी होती, अजूनही कुठे कुठे आहे. आपल्या घरात बाळंतिणीला डिंक, अळीव, तूप मिळतं, तसं गल्लीतल्या बाळंतिणीला गुळाचा शिरा. तिला बाळंतीण म्हणणं हीच मोठी गोष्ट होती.

पण या आठवणींत गुळापुरतंच गोड राहायला नको. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या पिल्लांचा पाठपुरावा करून २०१६ साली निष्कर्ष मांडले. सात महिन्यांपर्यंत साधारण पाचातलं एकच पिल्लू जगलं होतं. गावकुत्री सहज व्यायची हे खरं. तिची बहुतेक पिल्लं मरायची, हेही खरं. त्यांचा हिशेब कोणी ठेवत नव्हतं.

ती सहज व्यायची याचं कारण तिच्या शरीरात आहे. अंग मध्यम, कंबर रुंद, पिल्लाचं डोकं लांबट आणि निमुळतं. ज्या कुत्रीला व्यायला जमलं नाही, तिचा वंश पुढे गेला नाही. हजारो वर्षं ही चाळणी चालू होती.

छोटी कुत्री या चाळणीबाहेरची आहे. लहान चणीशी जोडलेला एक जनुकीय बदल २००७ साली शास्त्रज्ञांना सापडला, आयजीएफ-१ नावाच्या वाढीच्या जनुकाजवळ. पुढे २०२२ मध्ये दिसलं, की लहानपण आणणारा असा बदल सैबेरियातल्या ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही होता. म्हणजे तो माणसाने बनवलेला नव्हता. माणसाने फक्त तो वेचला, पुन्हा पुन्हा वेचला. हा छंद एकोणिसाव्या शतकात फार वाढला. लंडनमध्ये केनेल क्लब निघाला १८७३ साली. व्हिक्टोरिया राणी १८८८ मध्ये फ्लॉरेन्सला गेली, तिथून तिने मार्को नावाचा छोटा पॉमेरेनियन आणला. तोवर इंग्लंडमधले पॉमेरेनियन चांगले मोठे असत. राणीकडे छोटा म्हटल्यावर सगळ्यांना छोटाच हवा झाला, आणि काही दशकांत ती जात आकाराने आटली.

आपल्याकडे 'पामेरियन' म्हणून जो पांढरा झुपकेदार कुत्रा घरोघरी आला, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' मधला टफी हा तोच. २००३ मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत पोरामागे चालणारा पग आला आणि मोबाइलच्या रेंजसारखा पगही गावोगाव पोचला. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या कॉलन्यांत फ्लॅट आणि रो-हाऊस उभे राहत होते. अंगण गेलं, राखणीचा मोठा कुत्रा गेला, सोफ्यावर मावेल असा कुत्रा आला.

आता बाळंतपणाचं गणित बघा. आई लहान झाली, पण पिल्लं त्याच प्रमाणात लहान झाली नाहीत. खऱ्या पॉमेरेनियनसारख्या अगदी छोट्या जातींत एका वेळी एक ते तीनच पिल्लं असतात. पोटात एकटं पिल्लू असेल तर ते जास्त वाढतं, आणि कळा सुरू करायला त्याच्याकडून मिळणारा इशाराही कमी पडतो. चपट्या तोंडाच्या जातींत पिल्लाचं डोकं मोठं आणि गोल, आईची कंबर अरुंद. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बॉस्टन टेरियर, बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग या जातींत ८० टक्क्यांहून जास्त बाळंतपणं सिझेरियनने झालेली आढळली. गावकुत्रीला कोपरा पुरायचा. हिला ऑपरेशन टेबल लागू शकतं.

खानदेशात अशा वेळी मदतीला येतं ते गोठ्याचं ज्ञान, आणि त्यातलं बरंच उपयोगी आहे. गाभण जनावराला त्रास देऊ नये, वार पडली का ते बघावं, पहिला चीक पिल्लाच्या पोटात जायलाच हवा, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कुत्रीलाही हे सगळं लागू पडतं. मात्र तीन गोष्टींत गोठ्याची आणि घरातली सवय धोक्याची ठरते.

पहिली कॅल्शियमची. व्यालेली म्हैस बसली, उठेना, की मिल्क फिव्हर, सलाईन लावा, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. या आजाराचं मूळ रक्तातलं कॅल्शियम घसरण्यात आहे, हे एडिनबर्गमधल्या ड्रायर आणि ग्रेग यांनी १९२५ मध्ये मांडलं. छोट्या कुत्रीलाही असाच आजार होतो, बहुतेकदा व्याल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत. ती थरथरते, पाय ताठ होतात, धापा टाकते, ताप चढतो. म्हणून लोक आधीपासूनच कॅल्शियमचं औषध पाजत राहतात, आणि तिथेच घात होतो. बाहेरून आयतं कॅल्शियम मिळालं की हाडांतलं साठवण बाहेर काढायची शरीराची सवय मंदावते, आणि दूध उतरल्यावर ऐनवेळी ते कमी पडतं. गाभणपणात तिला चांगला, पिल्लांना देतात तसा आहार द्यावा. कॅल्शियम डॉक्टरांनी सांगितलं तरच.

दुसरी इंजेक्शनची. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये हेन्री डेल यांनी मेंदूतल्या एका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकसतं असं दाखवलं. तेच ऑक्सिटोसिन. पान्हा सोडण्यासाठी गोठ्यांमध्ये त्याचा इतका गैरवापर झाला की २०१८ मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना त्याचं उत्पादन बंद करायला सांगितलं. दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश त्याच वर्षी रद्द केला. हे इंजेक्शन सहज हाती येतं, म्हणून अडलेल्या कुत्रीला टोचावंसं वाटतं. पण पिल्लू आडवं अडकलं असेल तर त्या जोराने गर्भाशय फाटू शकतं.

तिसरी शेकाची. आपल्या घरात बाळंतिणीजवळ शेगडी आली, आणि परदेशी पुस्तकांत पिल्लांवर दिवा आला. पिल्लांना पहिले दोन आठवडे स्वतःचं अंग गरम राखता येत नाही हे खरं, पहिल्या आठवड्यात त्यांच्याभोवती २९ ते ३२ अंश सेल्सिअस असावं लागतं. पण मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत तेव्हा दिवा लावणं म्हणजे भट्टी पेटवणं. आई गार फरशी शोधत पिल्लं सोडून जाते आणि पिल्लं सुकतात. उलट जानेवारीत धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या तापमानाची बातमी येते, तेव्हा पारा एक आकडी असतो. आणि गारठलेल्या पिल्लाला दूधही पचत नाही. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे समजावून सांगायला नको, त्यांचा हवामानावर आधारलेला पीकविमाच थंडी आणि उष्णता दोन्ही मोजतो. पिल्लांचंही तसंच. खोकं एवढं मोठं हवं की एका बाजूला ऊब असेल, दुसरी बाजू मोकळी राहील. कूलरचा झोत थेट नको. हिवाळ्यात लाइट गेली तर फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली पुरते. अंथरायला धुतलेलं सुती लुगडं किंवा वर्तमानपत्र घ्यावं. सुटा कापूस नको, त्याचे तंतू पिल्लांच्या पायांना गुंडाळले जातात.

बाकीची तयारी वहीत लिहून ठेवण्यासारखी आहे. कुत्री साधारण ६३ दिवसांनी व्याते, म्हणून संयोगाची तारीख लिहावी. महिनाभराने सोनोग्राफीत गर्भ दिसतो. ५५ दिवसांनंतर एक्स-रे काढला तर पिल्लं मोजता येतात, आणि किती यायची हे माहीत असलं तरच एखादं आत राहिलंय का ते कळतं. शेवटच्या आठवड्यात थर्मामीटर लावावा. नेहमीचं १०१ ते १०२ फॅरनहाइट ९९ च्या खाली आलं की साधारण चोवीस तासांत कळा सुरू होतात. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू आलं नाही, दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त गेले, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवं पाणी दिसलं, तर घरी थांबू नये.

आणि इथे नावाचा प्रश्न पुन्हा येतो. रात्री दोन वाजता चोपडा, शिरपूर किंवा पारोळ्याहून निघायचं तर कुठे? गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर अडलेली म्हैस मोकळी करतात, त्यांचा हात त्यात बसलेला असतो. तीन किलोच्या कुत्रीला भूल देऊन सिझेरियन करायची सोय मात्र सगळीकडे नसते. कोणाकडे आहे, रात्री फोन कोण उचलतं, गाडी कोणाची, हे पन्नासाव्या दिवशी ठरलेलं असावं.

खरं तर त्याच्याही आधी. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने नोंदणी करावी, दीड वर्षाच्या आतली कुत्री लावू नये, वर्षात एकाहून जास्त वेत घेऊ नये, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये. हे नियम धंद्यासाठी आहेत, पण घरातल्या कुत्रीच्या मालकानेही वाचावेत. "एकदा तरी पिल्लं व्हायला हवीत, नाहीतर आजारी पडते" हे आपल्याकडे फार ऐकू येतं. त्याला वैद्यकीय आधार नाही. कुत्रीची चण खूपच लहान असेल, किंवा नर तिच्याहून मोठा असेल, तर नको म्हणणं ही सगळ्यात चांगली तयारी.

गल्लीतल्या पोरांनी जिला बाळंतीण म्हटलं, तिला चार विटा आणि शिरा पुरला, कारण तिचं शरीर तिच्या बाजूने होतं. सोफ्यावरच्या हिचं तसं नाही, कारण ती माणसाच्या हौसेने लहान झालेली आहे. म्हणून तिच्या बाळंतपणाचा भार माणसाकडेच येतो. शिरा करायला हरकत नाही. थोडाच करा, आणि त्याआधी डॉक्टरांचा नंबर सेव्ह करा.