सावकाराची वही ते स्कॅन केलेली फाईल

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांवर चालून गेले. इतिहासाच्या पुस्तकांत याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. आम्ही त्याला उठाव म्हणतो. लूट झाली हे खरे, पण शेतकऱ्यांना मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे आणि हुकूमनामे. ते हाती आले की जाळले जात. जिथे सावकाराने मुकाट्याने रोखे काढून दिले, तिथे बहुधा मारहाणही झाली नाही.

असे का? कारण रोखा सावकाराच्या घरी, वहीही त्याच्याच घरी. निरक्षर शेतकरी मजकुराखाली नांगराची निशाणी करी. वर काय लिहिले ते त्याला वाचता येत नसे आणि नक्कलही त्याच्याजवळ नसे.

चौकशी आयोगानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांसाठी आला. लेखी पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क ऋणकोला मिळाला. पण वाचता न येणाऱ्याला पासबुक काय कामाचे? १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी मूळ दुखण्यावर बोट ठेवले: अविद्या.

आज पतसंस्था, वित्त कंपन्या आणि व्यापारी जुने कागद स्कॅन करत आहेत. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशी नोंद न्यायालयात मांडताना प्रमाणपत्र लागते. पण ज्याचा संगणक, त्याच्याच हाती नोंद. कर्जदार बाई ती पडताळणार कशी?

आम्ही स्कॅनिंगच्या विरोधात नाही. कागदाला वाळवी लागते, पुरात तो भिजतो, सोयीने गहाळही होतो. पण वस्तीत हप्त्याचा तंटा घेऊन येणाऱ्या बायांना आम्ही ‘तुमच्याकडे काय आहे?’ असे विचारतो, तेव्हा बऱ्याच जणी मोबाईलवरचा इंग्रजी संदेश दाखवतात. दीडशे वर्षांनंतरही नक्कल धनकोकडेच!

म्हणून आमची मागणी साधी आहे. मूळ कागद रद्दीत घालण्याआधी त्याची पूर्ण, वाचता येईल अशी प्रत कर्जदाराला विनामूल्य द्या. हिशेब मराठीत द्या. तिने तो वाचून किंवा वाचून घेऊन खात्री केल्याशिवाय मूळ कागद नष्ट करू नका.

सुप्याच्या शेतकऱ्यांना कागद जाळावा लागला, कारण तो त्यांचा नव्हता. आजची फाईल तरी दोघांची असू द्या.

जय भीम!