शिवनसमुद्राची वीज आणि कोलारचे सोने

३० जून १९०२ रोजी कावेरीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळू लागली. सुमारे १४७ किलोमीटर लांबीची ही वीजवाहिनी त्या काळी जगातील सर्वांत लांब वाहिन्यांपैकी एक होती. बंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते त्यानंतर, १९०५ मध्ये. तोवर लाकूड आणि कोळसा जाळून वाफेवर चालणाऱ्या खाणयंत्रांना आता नदीचे बळ मिळाले. दिवाण शेषाद्री अय्यर यांनी हा प्रकल्प नेटाने पुढे रेटला होता. तो सुरू झालेला पाहण्यापूर्वीच, १९०१ मध्ये, त्यांचे निधन झाले. उत्सर्जित कार्बनच्या प्रत्येक एककामागे किती उत्पादन मिळते, याला आज कार्बन-कार्यक्षमता म्हणतात. हा शब्द प्रचारात येण्याच्या कितीतरी आधी म्हैसूर संस्थानाने ती एका निर्णयाने वाढवली होती.

खनिज संपत आले की हे गणित उलटते. कोलारच्या खाणी तीन किलोमीटरहून अधिक खोल गेल्या. तेथील खडक इतका तापलेला असे, की थंड हवा आत सोडल्याशिवाय काम अशक्य होते. दगड वर ओढणे, पाणी उपसणे, हवा खेळवणे या साऱ्याचा ऊर्जाखर्च खोलीबरोबर चढत गेला आणि टनामागे हाती येणारे सोने मात्र घटत गेले. १९५६ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, तरी भूगर्भ काही बदलला नाही. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या.

त्याच वर्षी चीनने ल्याओनिंग प्रांतातील फूशिन या कोळसा संपत चाललेल्या शहराला आर्थिक परिवर्तनाचे पहिले प्रायोगिक शहर ठरवले. २००८ ते २०११ दरम्यान अशा ६९ शहरांची आणि प्रदेशांची अधिकृत यादी झाली आणि त्यांना केंद्राकडून निधी मिळू लागला. या निधीमुळे तेथील कार्बन-कार्यक्षमता खरोखर सुधारते, की जुनेच धुरकट कारखाने तग धरतात, हा संशोधकांपुढील प्रश्न आहे.

कोलारसाठी अशी यादीच नव्हती. आपल्याकडे २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. पण त्यांचा निधी चालू खाणींच्या स्वामित्वधनाशी बांधलेला आहे. चंद्रपूरला तो मिळतो, कारण तेथे अजून कोळसा निघतो. खाण मिटली की झराही आटतो. नेमकी गरज सुरू होते तेव्हाच.

कागदावर पाहिले, तर खाणी थांबताच कोलारच्या सुवर्णनगरीचे उत्सर्जन घटले. पण तिथली माणसे कामासाठी बंगळुरूला जाऊ लागली आणि त्यांच्या श्रमाचा धूर आता त्या महानगराच्या खात्यावर जमा होतो. मारिकुप्पमहून पहाटे सुटणाऱ्या गाड्या भरून जातात. रुळांपासून जवळच सायनाइड प्रक्रियेतून उरलेल्या मातीचे टेकाड उभे आहेत; वारा सुटला की ती धूळ वस्तीवर येते.