नामयाची जनी आणि सामान्यरूप

गोदावरीच्या काठावरचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. दमा आणि करुंड हे त्यांचे आईबाप, आणि लहान वयातच त्या पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी कामाला राहिल्या, असे परंपरा सांगते. काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि चौदाव्याचा पूर्वार्ध. दळण, कांडण, सडा-सारवण, पाणी भरणे, शेण्या वेचणे या धबडग्यातून त्यांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग जमा झाले आणि नामदेवांच्या गाथेबरोबर आपल्यापर्यंत आले. पाठशाळेत बसून व्याकरण घोकण्याची सोय दासीला नव्हती, तशी तिच्याकडून कुणाची अपेक्षाही नव्हती. चांगले लिहायचे तर आधी व्याकरणाचे नियम शिकले पाहिजेत, हे मत आजही पुष्कळांचे आहे; पण ते मांडणाऱ्याला गंगाखेड टाळून पुढे जाता येत नाही. माझे म्हणणे असे आहे की लेखकाला व्याकरण लागतेच, मात्र ते कानात असावे लागते. नियमांची पोथी मागाहून येते, आणि तिला जे काही ठाऊक असते ते तिने बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांकडूनच घेतलेले असते.

जनाबाईंची नाममुद्राच पाहा: ‘नामयाची जनी’. मूळ नाव ‘नामा’. त्याला ‘ची’ हा प्रत्यय लावताना नाव जसेच्या तसे राहत नाही, ‘नामया’ होते. आज आपण घोडा-घोड्याचा, आंबा-आंब्याचा म्हणतो तीच ही गोष्ट. प्रत्यय लागण्यापूर्वी नामात होणाऱ्या या बदलाला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात आणि शाळेतली मुले त्यावर हमखास गुण घालवतात. जनाबाईंना हा शब्द माहीत असण्याचे कारण नव्हते. पण जिथे ‘ची’ लागतो तिथे नाव वळते, हे त्यांच्या जिभेला पक्के माहीत होते. छंदाचेही तसेच. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. ‘नामयाची जनी’ ही अक्षरे मोजली तर बरोबर सहा भरतात. ही मोजणी कुणी कागदावर केली नसणार. जात्याचा खुंटा हातात असताना फेऱ्याबरोबर शब्द बसवण्याची सवय ज्या घराघरांतल्या बायकांना होती, त्यांच्यातच ही कला वाढली.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. आपल्या हाती असलेला पाठ जनाबाईंच्या हातचा नाही. तो इतरांनी लिहून घेतला, कीर्तनकारांनी गायला, शेकडो वर्षे नकलनवीसांनी उतरवला. मग त्यातली शुद्धता जनाबाईंची की लिहिणाऱ्यांची? गंमत म्हणजे हा भेद परंपरेने स्वतःच नोंदवून ठेवला आहे. जनाबाईंच्या नावावरच्या एका अभंगात कोणत्या संताचे बोल कोणी लिहून घेतले याची यादी येते. ज्ञानदेवांचे सच्चिदानंदबाबांनी, सावता माळ्यांचे काशीबा गुरवाने, चोखोबांचे अनंतभट्टाने, आणि जनीचे खुद्द पांडुरंगाने. रचणारा एक आणि लिहिणारा दुसरा, याची या मंडळींना लाज वाटत नव्हती. लिहिणाऱ्याने रचणाऱ्याला भाषा दिली, असेही त्या यादीत कुठे सुचवलेले नाही. शिवाय नकलनवीसाच्या हाताला छंदाचा लगाम होता. ‘नामयाची’ बदलून कुणी पुढच्या काळातले ‘नाम्याची’ घातले असते तर एक अक्षर कमी पडून चरण लंगडा झाला असता. म्हणून बाकी कुठे पाठ हलला असेल तरी निदान या ठिकाणी तरी जुने रूप शाबूत राहिले. लेखणीवाल्यांनी सांभाळले ते रूप दळणारीच्या कानाने आधी बांधून दिले होते.

आता पोथीचा इतिहास पाहू. चौदाव्या शतकातले महानुभाव पंडित भीष्माचार्य यांचे ‘पंचवार्तिक’ हा मराठी व्याकरणाचा सर्वांत जुना प्रयत्न मानला जातो. त्यामागची गरज होती पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या वचनांचा अर्थ नीट लावण्याची, म्हणजे वचने आधी आणि विचार मागून. फादर स्टीफन्सचे कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये राचोल येथे छापले गेले, ते परदेशातून येणाऱ्या पाद्र्यांसाठी. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ हे मराठी काव्य मात्र त्याच्या चोवीस वर्षे आधी, १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये श्रीरामपूरला मराठीचे व्याकरण छापले, ते फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकणाऱ्या कंपनीच्या गोऱ्या नोकरांसाठी. मराठी मुलांच्या हाती पडलेले मोठे व्याकरण दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे, १८३६ सालचे, आणि शास्त्रीय पद्धतीने सगळा विषय पिंजून काढणारा मोरो केशव दामले यांचा ग्रंथ १९११ चा. या पाचांपैकी एकही पुस्तक लेखक घडवण्यासाठी लिहिलेले नाही. कुणाला अर्थ लावायचा होता, कुणाला परकी भाषा शिकायची होती, कुणाला शाळा चालवायच्या होत्या. दादोबांना ‘मराठीचे पाणिनी’ म्हणतात, आणि पाणिनींच्या परंपरेलाही ही मर्यादा कधी अमान्य नव्हती. महाभाष्यकार पतंजली म्हणतात ते थोडक्यात असे: घडा हवा असला की माणूस कुंभाराकडे जातो, पण बोलण्यासाठी शब्द करून द्या म्हणून वैयाकरणाच्या दारात कुणी जात नाही.

यावर कुणी म्हणेल की ज्ञानेश्वरांचे काय? म्हाइंभटांचे काय? ही माणसे संस्कृतात मुरलेली होती आणि मराठीचे पहिले मोठे गद्य-पद्य त्यांच्याच हातून झाले. हे खरे आहे आणि ते मला कमी लेखायचे नाही. शास्त्राभ्यासाने वाक्य पेलण्याची ताकद येते, विचाराची साखळी तुटत नाही, हे ज्ञानेश्वरीच्या कुठल्याही अध्यायात दिसते. पण ‘लीळाचरित्र’ या चक्रधरांच्या चरित्रासाठी म्हाइंभटांनी काय केले? ते गावोगाव हिंडले, चक्रधरांना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना भेटले आणि त्यांच्या तोंडची बोली जपली. महानुभाव पंथातल्याच केशोबासांना संस्कृतात लिहावेसे वाटले तेव्हा पंथप्रमुख नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, कारण मग पंथातल्या म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. या विद्वानांचे मोठेपण मला इथेच दिसते: जवळ व्याकरण असून ते कानाला शरण गेले.

नियमांचा दुसरा उपयोग मात्र क्लेशकारक आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या ‘निबंधमाला’ मासिकात जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांचा समाचार घेतला तेव्हा त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची यथेच्छ टर उडवली. विचाराला उत्तर द्यायचे टाळून विभक्तीकडे बोट दाखवण्याची ही रीत तेव्हापासून आपल्याकडे रुजली आणि अजून गेलेली नाही. त्याच जोतीरावांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. कुणबी घरातले कर्ज, गुरे, कचेरीतली हेलपाट्यांची दैना त्यात ज्या अंगाने आली आहे, तशी त्या काळच्या शुद्ध गद्यात मला कुठे आढळलेली नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप तिसरा आहे. तो खुद्द गंगाखेडसारख्या गावातून येतो. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूत, वरचे शिक्षण उर्दूत. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याचे बी. रघुनाथ (१९१३–१९५३) यांनी त्याच राज्याच्या बांधकाम खात्यात कारकुनी केली आणि कविता, कथा, कादंबऱ्या मराठीत लिहिल्या. त्यांच्यासारखा एखादा तरून गेला, पण बाकीच्यांचे काय? पुण्या-मुंबईच्या मुलाला जी भाषा घरातच मिळते ती इथल्या मुलाला नियमांशिवाय कशी मिळणार? नियम शिकवू नका म्हणणे म्हणजे त्याच्या पायाखालची शिडी काढून घेणे नव्हे काय? हा प्रश्न मला मनापासून पटतो, आणि म्हणूनच लेखनाचे नियम प्रत्येक मुलाला शिकवलेच पाहिजेत असे मी म्हणतो. पण ते लेखनाचे नियम आहेत, व्याकरण नव्हे, हे त्याला आधी कळले पाहिजे. साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये चौदा नियम केले, १९७२ मध्ये आणखी चार. त्यांच्या आधी ‘कांहीं’वर दोन टिंबे होती, नंतर ‘काही’ निष्टिंब झाले. कालचे शुद्ध आज अशुद्ध ठरले. माणसांनी बसून ठरवलेली ही शिस्त आहे. अर्जाला, परीक्षेला, छापखान्याला ती लागते. तिच्यात चुकलेला मुलगा भाषेत चुकलेला नसतो.

गंगाखेडच्या घरात बोलले जाते ते ‘मी करायलो, तू करायलास, ती करायली, ते करायलेत’. पुरुष, लिंग, वचन, सगळे काही इथे काटेकोर सांभाळलेले आहे. ‘ती करायलो’ असे तिथले चार वर्षांचे पोरही म्हणणार नाही. पाठ्यपुस्तकात याला जागा नाही एवढेच. त्यामुळे पाचवीतल्या मुलीच्या वहीतल्या ‘आई स्वयंपाक करायली’ या वाक्यावर लाल रेघ येते, आणि आपल्याला भाषाच येत नाही असे ती धरून चालते. असे धरून चाललेले मूल पुढे लिहीत नाही. नियम पाठ असूनही लिहीत नाही. त्या वर्गात व्याकरण शिकवायचे तर ‘करायलो’ची सगळी रूपे मुलांच्याच तोंडून काढून फळ्यावर मांडावीत, शेजारी ‘करतो आहे’ची मांडावीत, आणि कुठले कुठे चालते ते सांगावे. मग ‘नामा’ लिहून त्याला ‘ची’ लावायला सांगावे. मुले ‘नाम्याची’ म्हणतील. त्याखाली आपल्या गावच्या जनीचे ‘नामयाची’ लिहावे आणि दोन्हींतली अक्षरे त्यांना बोटांवर मोजायला लावावीत.